दोघांनी उचला म्हणालो, तो टब

फोन आल्यावर मी धावत बाथरूमच्या दारात पोहोचलो तेव्हा टब एका अंगावर कलंडला होता आणि त्याच्या काठाखाली महादेवकाकांचा पाय अडकला होता. काका म्हणजे नागावच्या त्या बंगल्याचे केअरटेकर, वय साठीच्या पुढे. अंगभर नुसता घाम.

बंगल्याचे मालक टबाशेजारी उभे होते. मुंबईचे, सुट्टीपुरते येणारे. मला बघून म्हणाले, "इम्तियाजभाई, जपून हं. इनॅमल उडता कामा नये."

इनॅमल म्हणजे टबावरचा चकचकीत पांढरा थर. माझं डोकंच फिरलं.

"गाडीतला जॅक आणा. आत्ताच्या आत्ता!"

"अहो, पाय ओढून निघेल की."

"पायाला हात लावायचा नाही. जॅक!"

काठाखाली फळी धरली, फळीखाली जॅक लावला. टब जरा उचलला की लाकडाचा ठोकळा आत सारायचा, मग पुन्हा जॅक फिरवायचा. जॅक सटकला तरी टब परत पायावर बसता कामा नये.

काका म्हणाले, "पाय हाय का बघ रे इम्तियाज. मला कायच कळत न्हाय."

पाय होता. घोट्यापासून वाकडा, काळानिळा.

दोघांनी त्यांना गाडीत घातलं. अलिबागच्या हॉस्पिटलला जाताना साहेब गाडी चालवता चालवता म्हणाले, "तुम्हीच फोनवर बोललात ना, दोघं पुरेत म्हणून?"

बोललो होतो. संताप आला तो याचाच.

दोन दिवस आधी त्यांचा फोन आलेला. जुना टब स्वतःच काढणार होते, व्हिडिओ बघितला होता. मी रेवसला एका प्लंबिंगच्या कामावर होतो, घाईत सांगितलं: मेन व्हॉल्व्ह बंद करा. टबाखालचा वेस्ट पाइप, म्हणजे पाणी वाहून नेणारा पाइप, सोडवा. भिंतीलगतचं सिलिकॉन कटरने कापा. मग दोघांनी उचला. आजकाल टब फायबरचे असतात, दोन माणसं सहज उचलतात. हा निघाला बिडाचा, ओतीव लोखंडाचा. मी विचारलंच नाही. आणि त्यांचा 'दुसरा माणूस' काका असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"मी चुकलो," मी म्हणालो. "पण टब जागचा हलेना तेव्हा तुम्ही थांबायचं होतं. साठीच्या माणसाला 'जोर लाव' कशाला म्हणालात?"

साहेबांनी गाडीचा वेग वाढवला.

मागच्या सीटवरून काका म्हणाले, "भांडू नका रे. गाडी बघून चालवा."

घोट्याची दोन हाडं मोडली होती. ऑपरेशन झालं, धातूची पट्टी बसवली.

दुसऱ्या दिवशी टब काढायला गेलो. साहेबांना तो अख्खा हवा होता, बागेत ठेवून फुलझाडं लावायला. मी घण काढला. बिडाचा टब अरुंद दारातून काढायचा तर फोडूनच काढतात. वर जुनी गोधडी टाकायची, डोळ्यांवर गॉगल लावायचा.

"फोडू नका ना," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही एकटे उचला."

ते बाहेर गेले. मी पहिला घाव घातला तो कामासाठी नव्हता, हे कबूल करतो. बाकीचे कामासाठी.

काका आता चालतात, पण जिना टाळतात. त्या बंगल्यावर मला परत बोलावणं आलं नाही.

फोनवर सल्ला मागणाऱ्याला आता मी आधी टब बोटाने वाजवायला लावतो. टणटण वाजला, म्हणजे बिडाचा निघाला, तर म्हणतो, हात लावू नका, मी येतो. आणि उचलायला कोण आहे, त्याचं वय किती, हेही विचारतो. लोकांना राग येतो. येऊ दे.