बिडीचा चटका नव्हता तो

फोन आला तेव्हा मी आरमोरीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात एका ब्लाऊजची बाही उसवत बसले होते. पलीकडे शेवंतावहिनी. “बाई, तुमचे दादा गेले.” नागपूरला नेता नेता, रस्त्यातच…

महिना झाला त्याला. या महिन्यात माझ्या भावाबद्दल इतकं गोड बोललं गेलंय, की हा वासुदेव नक्की कोण, असा मलाच प्रश्न पडावा. शोकसभेत एक पुढारी त्याला ‘वनसंपदेचा राखणदार’ म्हणाला. राखणदार! अहो, रानडुकरांनी त्याला रखवालीला बसवलं होतं, आणि तुम्ही कुणी त्याच्या मचाणाकडे कधी फिरकला नाहीत. आता हार घेऊन आलात. माझा दादा तिरसट होता, हट्टी होता. हार पाहिला असता तर त्यानं तो बैलाला घातला असता.

आमच्याकडे धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, की जागल लागते, म्हणजे रात्रभर वावरात राखण. पूर्वी अख्खं गाव जायचं. मग ज्यांना झेपलं त्यांनी भोवती विजेच्या झटक्याची तार ओढली आणि घरी येऊन टीव्हीसमोर घोरायला लागले. डुकरं काही मूर्ख नाहीत. तारेची वावरं सोडून ती सरळ दादाच्या बिनतारेच्या, जंगलाला लागून असलेल्या वावरात. वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला, “मारू नका काका, गुन्हा आहे. आरडाओरडा करा.” वा रे शहाण्या! एकदा तर वाघ पाहायला निघालेली शहरातली मंडळी गाडी थांबवून उतरली आणि त्याच्या धानात उभं राहून डुकराच्या पिल्लाचे फोटो काढायला लागली. “किती गोड!” म्हणे. त्यांच्या बुटांखाली काय तुडवलं जातंय, ते एकानंही पाहिलं नाही.

मी विचारायची, “दादा, तिथी एकटा काऊन झोपतं?”

“एकटा कुठी? डुकरं येऊन राह्यले ना भेटाले. गाववालेच येत नाई.”

मचाणावर तो जुनी तणस अंथरायचा, धानाचा वाळका पेंढा. त्यात उंदरांची घरं. उंदरांच्या अंगावर आणि बांधावरच्या गवतात एक किडा असतो, डोळ्यांना दिसतही नाही, त्याच्या चाव्यानं ताप येतो आणि चावल्या जागी काळी खपली धरते. हे आम्हाला सगळं नंतर कळलं. दादाला ताप भरला तेव्हा कमरेवर फक्त एक काळी खपली होती, न दुखणारी. वहिनी म्हणाली, “बिडीचा चटका व्हय तो. पडल्या पडल्या ओढत राह्यते.” दादालाही तसंच वाटलं. जागलीला जाणाऱ्या आमच्याकडच्या प्रत्येक माणसाच्या अंगावर असे दोन-चार डाग असतात, आणि घोंगडीला भोकं. कोण कशाला निरखून पाहणार?

डॉक्टरनं पाहायचं असतं! पण तालुक्याचा तो डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. सदरा वर करायला सांगितलं नाही. “व्हायरल आहे,” म्हणाला, सुई टोचली, पुढचा पेशंट. दादा दोनदा गेला, दोनदा तेच. दम लागायला लागल्यावर गडचिरोलीला नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं खपली पाहताच ओळखलं, स्क्रब टायफस. साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार, पण फार उशीर झाला, म्हणाली. तिनंच नागपूरला पाठवलं.

पेपरात बातमी आली तशी फवारणी आली. कुठे? गावाच्या चौकात, सिमेंटच्या रस्त्यावर. मी म्हटलं, “साहेब, वावरात चला, गवत तिथं आहे.” साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, फोटो काढून घेतला आणि गेले. थू तुमच्या फोटोवर!

तेरवी झाली आणि वहिनी मचाणावर चढली. धान उभं होतं, दुसरं कोण होतं तिला? थोड्याच दिवसांत ताप. मी दुकान बंद करून धावले, तिचं लुगडं वर करून अंग अंग तपासलं. गुडघ्याच्या मागे तीच काळी खपली. जवळचा म्हणून आधी त्याच डॉक्टरकडे नेलं. तो म्हणतो, “चुलीशी पोळलं असेल.” गुडघ्याच्या मागे! मी असा आवाज चढवला की बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. त्याला तिथंच सोडून तिला गडचिरोलीला घेऊन गेले, त्या बाईंकडे. गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला. वहिनी वाचली.

परवा तिच्याबरोबर वावरात गेले. आम्ही नव्हतो तेवढ्यात डुकरांनी अर्धं धान लोळून सपाट केलेलं. अजून दोन-तीन पलीकडच्या टोकाला होतीच, भर दिवसा. वहिनी आयुष्यात कधी कुणाला अरे म्हणाली नसेल. ती बांधावर उभी राहिली, पदर खोचला आणि दादाच्याच चिरक्या आवाजात ओरडली, “हाऽऽ लुच्च्याईनो! तुमच्या बापाचं वावर व्हय का बे!”

मला हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना… चहूकडे नुसत्या तारा, माणूस एकही नाही. वहिनीनं दम घेतला आणि पुन्हा ओरडली. मग मीही ओरडले.