मनोऱ्यातला रूळ

"रूळ वाजतोय गं. मामा तुझं तिकडंच गेल्यात. कोण गेलं ठाऊक न्हाई, पर तू नीघ." मामीचा दौंडहून फोन आला, तेव्हा मी शिरूरच्या बाजारात होते. तिथंच पांढऱ्या शेवंतीचा हार घेतला आणि एसटीत बसले. मयत कुणाचं, हाच विचार वाटभर डोक्यात होता.

दौंडच्या रेल्वे वसाहतीमागं आमचं जुनं मेथडिस्ट चर्च आहे. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, छताला सागवानी कैच्या. बांधणारे रेल्वेतलेच, म्हणून दारांवर तुळया म्हणून चक्क जुने रूळ घातलेले. घंटेसाठी मनोरा उभारला, पण घंटा काही आली नाही. मग रुळाचाच एक तुकडा तिथं टांगला. पुढं कौलं गळायला लागली, मंडळी लाइनीपलीकडच्या नव्या हॉलमध्ये उपासनेला जाऊ लागली आणि चर्चला कुलूप लागलं. एकच रीत उरली. मंडळीतलं कुणी वारलं की रूळ वाजवायचा. तो ऐकून सगळ्यांनी पांढरे कपडे करायचे, फुलं घ्यायची आणि चर्चसमोर जमायचं.

रूळ वाजवायचं काम शमुवेलमामांचं. लोकोशेडमधले निवृत्त फिटर, आणि रागानं नुसता निखारा! कौलं चोरणाऱ्या एकाचे त्यांनी दात पाडले होते. पाळकांनी एकदा समजावलं, "मामा, मयताचे ठोके सावकाश द्यावेत." मामा उसळले, "मरणाला काय गोंजारू व्हय?" कुणाचं तरी टाळकं फोडावं तसे ते रुळावर हातोडा घालत. आम्हाला त्याचं हसू यायचं...

त्या दिवशी जागेवर डोळा असलेल्यांनी भरदुपारी जेसीबी आणला. वेदीमागची भिंत पहिल्याच धक्क्याला फुटली. मामा मनोऱ्यात शिरले आणि मदतीसाठी रूळ बडवू लागले. त्यांना ओढून काढलं, पहारीनं उजवा हात मोडला. तरी ते सुटून परत आत गेले आणि डाव्या हातानं वाजवत राहिले. मग घाव डोक्यात बसला. आणि इकडं वसाहतीत बायका ट्रंकेतून पांढऱ्या साड्या काढत होत्या! मामी निऱ्या नीट करत होती. तो आवाज नेहमीसारखाच होता, त्यातला फरक कुणाला कळणार? मला त्या पहारीवाल्यांचा संताप येतो, त्यांची हाडं मोडावीत असं वाटतं. तितकाच राग त्या साड्यांचा येतो आणि माझ्या हातातल्या हाराचा येतो.

गर्दी आलेली बघून ते लोक जेसीबी घेऊन पळाले. मामी फुलं घेऊन पुढं झाली, तर मामा पायरीवर रक्तात पडलेले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा मामीच्या पांढऱ्या साडीचा पदर लाल होता. तिनं मला एवढंच सांगितलं, "मला म्हणले, फुलं काय आणलीस, काठी आणायची..."

मामा त्यातून उठले नाहीत. ते गेले त्या सकाळी मामी दवाखान्यातून थेट मनोऱ्यात गेली, मी तिच्या मागं. तिनं हातोडा उचलला. पहिला ठोका हलका पडला. मग तिला काय झालं कोण जाणे, ती मामांसारखीच सुटली. दात-ओठ खाऊन, रडत, शिव्या देत ती रूळ बडवू लागली. मला तिला थांबवावंसं वाटलं नाही.

आणि वसाहत धावत आली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या पहार, एकीच्या हातात तर मुसळ. पांढऱ्या कपड्यात कुणी नाही, फुलं कुणाकडं नाहीत. सगळे धापा टाकत विचारत होते, "कुठं हायेत? कुठं हायेत ते?"

मामीनं हातोडा खाली ठेवला. "कुणी न्हाई आलं," ती म्हणाली. "तुमचं मामा गेलं."

त्याच काठ्या हातात घेऊन आम्ही मामांना दफनभूमीत नेलं. परतताना मामीनं शेजाऱ्याच्या हातातली काठी घेतली आणि मनोऱ्यात रुळाखाली टेकवली. मग एकेकानं आपली ठेवली. फुटक्या भिंतीला आता पत्रा लावलाय. परवा मी गेले तेव्हा काठ्या तशाच उभ्या होत्या आणि हातोड्याच्या दांड्यावर मामांचं वाळलेलं रक्त होतं. मामी ते पुसू देत नाही.