दोन बाइट की चार

चीड येते ती स्वतःचीच.

तालुक्याच्या एका कॉलेजात मी सी लँग्वेज शिकवतो. आमच्या लॅबमध्ये प्रोग्राम चालवायचा जुनापुराणा कंपायलर आहे. त्यात पूर्णांक दोन बाइटमध्ये, म्हणजे सोळा बिटांत साठवला जातो. त्यातला एक बिट चिन्हाचा, म्हणून ३२७६७ च्या पुढं जागाच नाही. एक मिळवला की उत्तर येतं उणे ३२७६८. सगळी पोरं हेच उत्तर मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतात. प्रोग्राम कोणी चालवत नाही. मीही न बघता सह्या ठोकतो.

डोंगरकडा गावच्या एका पोरीनं मात्र तो मोबाईलवर चालवला. जर्नलमध्ये लिहिलं, ३२७६८. उणेचं चिन्ह दिसलं नाही, म्हणून मी लाल पेनानं काट मारली.

"सर, यात चार बाइट घेतंय. बघा ना," म्हणत तिनं मोबाईल पुढं केला.

मी बघितलं. बरोबर होतं. नव्या कंपायलरमध्ये चार बाइट असतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी म्हणालो, "मोबाईल सिलॅबसमध्ये न्हाई."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी माझी लाल काट पाहिली अन् पूर्णांक किती बाइटचा, तेच विचारलं. ती म्हणाली, "ते कंपायलरवर आहे, सर. लॅबमध्ये दोन, मोबाईलवर चार."

परीक्षक हसले. "काय हो, तुमच्याकडं पोरीच सरांना शिकवून राहिल्या काय?"

मीही हसलो. लाज वाटते लिहायला, पण हसलो.

"सर, तुमाला दाखवलं होतं ना मी? सांगा ना!"

मी हजेरीपटात डोकं घातलं. ती प्रॅक्टिकलला नापास झाली.

मग तिचे वडील आले. "सर, लेकरू म्हणते मी बराबर होते. व्हय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग झालं. सरच म्हणले म्हणल्यावर." त्यांनी तिचं कॉलेज बंद केलं.

दोन वर्षं तो 'न्हाई' पचवून मी पगार घेतला, सह्या केल्या. परवा मात्र डोंगरकड्याला गेलो. ती दारातच भेटली. म्हणालो, "तू बरोबर होतीस."

"मला काहून सांगता, सर? मला तवाच माहीत होतं." तिनं आत हाक मारली, "बाबा, कॉलेजचे सर आलेत. तुमाला काहीतरी सांगायचं म्हणतात."