गाऱ्हाण्यातली नावं

"ह्या कोणाचा?" चष्मा कपाळावर सरकवून ती विचारायची, तेव्हा समजायचं, माझ्या कोडमध्ये कुठून तरी उचललेलं काहीतरी तिला सापडलंय. मी म्हणायचो, नेटवर होतं, फुकट आहे. "फुकट आसा म्हणान बेवारशी नाय," ती म्हणायची. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांच्या नावानं तुम्हीही बोटं मोडली असतील. हिचं नाव मात्र इथे लिहीत नाही. विचारल्याशिवाय कुणाचं काही वापरू नये, हा तिचाच दंडक.

कणकवलीत एसटी स्टँडमागे आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मालवणच्या होडीवाल्यांसाठी आम्ही बुकिंगचं ॲप बनवलं होतं. जगभरची माणसं आपला कोड फुकट वापरायला देतात, पण अटी घालतात. कुणी म्हणतं, माझं नाव ठेवा. कुणी म्हणतं, माझं घालून विकलंत तर तुमचाही कोड सगळ्यांना बघायला, वापरायला उघडा ठेवा. या अटी सांभाळणं तिचं काम, आणि वैताग होता नुसता. होडीच्या एका साध्या चित्रासाठी तिनं मला दिवसभर लटकवलं होतं. "तुझ्या आजोळचा आसा काय ता?"

नवी आवृत्ती काढायची तर आधी गाऱ्हाणं, ही पद्धत तिनंच पाडली. कोकणात देवळात सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालतात तसंच. "बा देवा म्हाराजा" म्हणून ती ज्यांचा कोड घेतला त्यांची नावं घ्यायची, कोण पोलंडचा, कोण ब्राझीलचा, आणि आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचो. मालक एकदा म्हणाले, गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं.

"मग घाला तुमी. नावां पाठ आसत?"

मालक चहा प्यायला निघून गेले.

पुढे मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं. त्याला अख्खं ॲप हवं होतं, पण सगळा कोड आमचाच आहे आणि तो कायम बंद राहील, या हमीवर. आमचा कोड तोवर उघडाच होता, कारण नकाशाचा भाग एका परदेशी माणसाचा, तशाच अटीचा. ती म्हणाली, त्याच्याकडे वेगळी परवानगी मागूया, नाहीतर वेळ द्या, नकाशा नव्यानं लिहिते. मालकांना कुठला धीर! त्यांनी स्वतः बसून नकाशाच्या फायलींतलं त्याचं नाव पुसलं. कणकवलीत कोण बघायला येतंय, म्हणाले. तिला बजावलं, गप्प बस, नाहीतर घरी बस.

घरी म्हातारी आई, आणि असं काम इथे दुसरीकडे कुठे मिळणार? आम्हाला वाटलं, बसेल गप्प.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी मालकांना फुशारकी मारायची हौस आली. आमच्याकडे एक गंमत असते, म्हणाले, आणि तिला गाऱ्हाणं घालायला लावलं. ती उठली. एकेक नाव घेत पुसलेल्या नावापाशी आली, तेही घेतलं, आणि पाहुण्याकडे वळून शुद्ध ऑफिसच्या मराठीत म्हणाली, "नकाशा यांचा आहे, साहेब. तो घालून विकलात तर तुम्हालाही कोड उघडा ठेवावा लागेल."

सवयीनं आमच्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

सौदा मोडून गिऱ्हाईक गेलं. मालक म्हणाले, माफी माग. "कोणाची?" एवढंच विचारून तिनं डबा उचलला आणि चालू पडली. मला तिचा फार अभिमान वाटला. आता ती पुण्यात असते.

पुढच्या आवृत्तीला मालकांनी फर्मावलं, गाऱ्हाणं-बिऱ्हाणं बंद, बटण दाबा. बटण माझ्याकडे होतं. मी उठलो. बाकीचेही उठले. पुसलेलं नाव आम्ही फायलींत आधीच परत घातलं होतं. सगळी नावं घेतली, अर्ध्यांचे उच्चार चुकले असतील. शेवटी तिचं घेतलं. मालक केबिनच्या काचेतून बघत होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा."