शनिवारचा गट आणि हॉलची किल्ली

गटात बोललेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तरी दर शनिवारी तीच माणसं एकत्र बसून रडली-हसली की किस्से साठतातच. हे त्यांना विचारून, नावं बदलून सांगतेय.

मी समुपदेशक. घरचं माणूस गमावलेल्यांचा आमचा गट इथं कन्नड मुलखात, सरस्वतीपुरममधल्या एका ट्रस्टच्या हॉलमध्ये भरायचा.

*

निवृत्त हेडमास्तर नागराज बोलायला लागले की थांबायचे नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सारखा वेळ वाटून दिला. लष्कर मोहल्ल्यातल्या शांताक्कांचा मुलगा अपघातात गेलेला. त्यांची बोलायची वेळ आली, तर त्या गप्पच.

"अक्का, तुमचा वेळ चाललाय," मी म्हटलं.

"माझाच ना वेळ? मग मी गप्प बसूनच घेते."

आणि तेवढा वेळ त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं. मास्तरांनासुद्धा!

*

ट्रस्टीसाहेबांची बायको वसुधा बहिणीच्या जाण्यानंतर गटात आली. ती इंग्रजीतच बोलायची. साहेबांनी निरोप धाडला, गट इंग्रजीत चालवा, स्टँडर्ड राहील. शांताक्का अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलणाऱ्या. मी गटालाच विचारलं.

मास्तर उठून उभे राहिले. "मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. बायको गेली तेव्हा रडलो कन्नडमध्येच."

प्रश्न मिटला. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत बोलायचं.

*

मग साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. वसुधा गटात त्यांच्याबद्दल काय सांगते, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी नाही म्हटलं. हॉल कुणाचा आहे याची त्यांनी आठवण करून दिली.

"हॉल तुमचाच, सर. तिचं बोलणं मात्र तिचं."

हॉलची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. शनिवारी माझ्या घराच्या गच्चीवर सतरंजी अंथरली. कोणी येईल का, धाकधूक होती. सगळे आले. वसुधा तर कार सोडून सिटी बसनं आली.

*

एका शनिवारी साहेब स्वतः जिना चढून वर आले. वसुधा बोलत होती. कार खाली उभी आहे, चल, म्हणाले.

ती जागची हलली नाही. आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच मराठीत बोलली, "माझा वेळ चालू आहे. थांबायचं तर बसा. पण इथं बसतो तो स्वतःचं सांगतो, बायकोचं विचारत नाही."

शांताक्कांनी जरा सरकून सतरंजीवर जागा केली.

साहेबांनी कठड्यावरून खालच्या कारकडे पाहिलं. मग बुटांच्या नाड्या सोडायला वाकले.