लाल दोरा, पिवळी चिंधी आणि कौसाबाईची शेळी

आमच्या सुनेचं अर्धं इंग्रजी शेळीनं खाल्लं. शेळी आमची नव्हती. खायला घालणारी मात्र मीच होते.

आता सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही त्या मुक्या जनावराला दोष देत बसाल. भोकरदनच्या अलीकडं आमचं गाव. दोन एकरात कापसाच्या बियाण्याचा प्लॉट. मी चौथी पास, आणि पुढचं सगळं वाचन बियाण्याच्या पिशव्यांवरून केलेलं. (त्यामुळे मला पेरणीचं अंतर तोंडपाठ आहे, कविता एकही येत नाही.) आणि अशा घरात सून आली अर्चना. बी.ए. झालेली! म्हणजे, होतच आलेली. एक इंग्रजीचा पेपर तेवढा राहिला होता. तो दोनदा देऊन झाला, दोन्ही वेळा व्याकरणाच्या प्रश्नानं पाडलं. भोकरदनच्या एका शाळेनं सांगितलेलं, "पास होऊन या, जागा तुमचीच. पण या वर्षीच. पुढं आम्हाला थांबता येणार न्हाई."

दुसरी एखादी रडत बसली असती. आमची अर्चना दिवसभर प्लॉटात उभी राहून क्रॉसिंग करणार, भाकरी थापणार, लेकीची वेणी घालणार; मंग अभ्यासाला वेळ कुठून आणणार? तिनं वेळ आणलाच नाही. अभ्यासच प्लॉटात आणला!

तर क्रॉसिंग म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते. नराचं फूल मादीच्या फुलावर हातानं घासायचं, आणि काम झालं की त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायचा. पुढं बियाणं कंपनीचा साहेब तपासणीला यायच्या आधी सगळा प्लॉट धुंडाळायचा आणि लाल दोरा नाही ते बोंड दिसलं की तोडून टाकायचं, कारण ते बियाण्यात चालत नाही. लाल दोरा ठेवा, बाकीचं तोडा. वीस वर्षं माझ्या हाताला एवढंच ठाऊक.

अर्चनानं काय केलं, प्रत्येक ओळीच्या तोंडाला एक काडी रोवली. वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या. एकेका इंग्रजी वाक्याचे दोन तुकडे दोन चिठ्ठ्यांवर लिहिले आणि काडीला टांगले. एक लाल दोऱ्यानं, दुसरा माझ्या जुन्या लुगड्याच्या पिवळ्या चिंधीनं. ओळ सुरू करताना वाचायचं, ओळ संपेपर्यंत घोकायचं. दर आठवड्याला नवं वाक्य. दिवाळी जवळ आली तेव्हा काड्यांना चिठ्ठ्यांचे घोस लागले होते!

"हे काय गं?" मी विचारलं.

"आत्याबाई, इंग्रजीत लांब वाक्य दिसलं की मी घाबरते ना, म्हणून तोडून बघते. हे लाल दोऱ्याचं हाय ना, ते आपल्या पायावर उभं राहतं. 'आम्ही घरी गेलो.' झालं, अर्थ पुरा. आन् हे पिवळं. 'जर पाऊस आला.' एवढंच बोलून माणूस उठून गेला तर?"

"तर त्याला हाक मारावी लागंल."

"बराबर! ते एकटं उभं राहत न्हाई. त्याला लालचा आधार लागतो. समजलं?"

"समजलं की! त्यात काय न समजायचं!"

(यातलं पहिलं अर्धंच मला समजलं होतं. पण सुनेसमोर सासूनं 'पुन्हा सांग' म्हणायचं, हे आमच्याकडं अजून सुरू झालेलं नाही.)

आणि वाक्यं तरी कशी! पुस्तकातली एक नाही, सगळी आमच्या प्लॉटातली. आमच्या हाताखाली कौसाबाई आणि तिच्या डझनभर मैत्रिणी कामाला. कौसाबाई काम करताना गाते, तर तिच्या ओळीला 'कौसाबाई सिंग्ज' लाल दोऱ्यात आणि 'व्हेन शी वर्क्स' पिवळ्या चिंधीत. आपलं नाव इंग्रजीत लिहिलंय म्हटल्यावर कौसाबाईला धीर निघतो होय? पंधरा दिवसांत सगळ्या बाया आपापली वाक्यं घोकायला लागल्या. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, शाळाच भरलीय! शेजारच्या शेतातले अण्णा बांधावर येऊन विचारून गेले, "वहिनी, मजुरी वाढवून मागू राह्यल्या का?"

तपासणीच्या आदल्या दिवशी अर्चना परीक्षेचं हॉल तिकीट आणायला जालन्याला गेली. परीक्षाही दुसऱ्याच दिवशी होती. जाताना म्हणाली, "आत्याबाई, संध्याकाळी येऊन सगळ्या चिठ्ठ्या एकदा बघते. तेवढा प्लॉट साफ करून घ्या."

घेते की! मी पदर खोचला आणि निघाले. एकेक ओळ, एकेक झाड. लाल दोरा नाही? तोड! टाक पाटीत! हात नुसता मशीनसारखा चालला होता. आणि ओळीच्या तोंडाला आले, तर काय? काडीला अर्धे घोस लाल दोऱ्याचे, अर्धे पिवळे! मला अर्चनाचे शब्द आठवले. 'ते एकटं उभं राहत न्हाई.' म्हटलं, अरे देवा, उभंच राहत नाही म्हणजे कच्चंच की! उद्या परीक्षा, आणि पोरीच्या डोक्यात हा कच्चा माल जाणार? बरं झालं मी बघितलं!

तोडले. चौदाच्या चौदा ओळींचे पिवळे घोस, एकही न सोडता. तोडलेली बोंडं बांधावरच्या शेळ्यांपुढं टाकायची, हा आमचा रिवाज. कौसाबाईची शेळी तिथं बांधलेलीच होती. पाटी रिकामी केली, हात झटकले, आणि चहा ठेवायला घरी आले. सुनेच्या अभ्यासाला आपलाही हात लागला म्हणून मला कोण आनंद!

अर्चना चारच्या एस्टीनं उतरली ती सरळ प्लॉटात गेली. आणि तिथून जी हाक आली, "आत्याबाईऽऽ!" ती अण्णांच्या शेतातल्या बैलांनीही मान वर करून ऐकली.

मी धावत गेले. "काय झालं?"

"पिवळ्या चिठ्ठ्या कुठं हायत?"

"अगं, त्या कच्च्या व्हत्या. मी काढून टाकल्या!" (वर हसले पण. शाबासकीची वाट बघत होते मी!)

"कुठं टाकल्या?"

मी बांधाकडं बोट केलं. शेळी शांतपणे चघळत होती. तोंडातून माझ्या लुगड्याची पिवळी चिंधी लोंबत होती.

अर्चना मटकन खाली बसली. "आत्याबाई, पिवळं कच्चं नसतं वो! दोन्ही मिळून वाक्य व्हतं. मी दोन्ही बारीला नापास झाले ते पिवळ्यामुळंच!"

आता मात्र माझ्या ध्यानात आलं. तिसरी वेळ. उद्या सकाळी पेपर. शाळेतली जागा हातातून चाललेली. "पुस्तकात असतील ना गं?" मी पुटपुटले.

"पुस्तकातली पुस्तकात हायत. ती मला कधी उमगलीच न्हाईत. ही माझी व्हती."

कौसाबाई आधी शेळीवर धावली. तिचं तोंड उघडून आत बोट घातलं, एक ओला तुकडा निघाला, त्यावर अक्षर काही उरलं नव्हतं. मंग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "रडू नको, बाई. कागद खाल्लाय शेळीनं. माझं वाक्य थोडंच खाल्लंय? ल्ही! कौसाबाई सिंग्ज, व्हेन शी वर्क्स!"

अर्चनानं वर बघितलं.

"ल्ही की जल्दी! आन् त्याच्या आधीचं, पोळ्याच्या आठवड्यातलं, बिकॉज द रोड वॉज बॅड. एस्टी आली न्हाई, बिकॉज द रोड वॉज बॅड!"

"माझं 'इफ द साहेब कम्स' व्हतं," दुसरी ओरडली.

"ते तुझं कवा? तुझं 'बिफोर द साहेब कम्स'. इफ माझ्या ओळीत!"

"दोन्ही सांगा," अर्चना डोळे पुसत म्हणाली, "दोन्हीचा अर्थ वेगळा हाय."

मग काय विचारता! बाया आपापल्या ओळीच्या तोंडाला जाऊन उभ्या राहिल्या. अर्चना लाल चिठ्ठी वाचायची, ओळीवाली पिवळं सांगायची, अर्चना लिहायची. जिथं बाई अडली, तिथं अर्चना थांबायची, डोळे मिटायची, आणि लालच्या आधारानं कोणतं पिवळं येईल ते स्वतःच जुळवायची. पहिल्यांदा अडखळली. मंग एकाला दोन-दोन जुळवायला लागली! दिवस मावळायच्या आत चौदा ओळी भरल्या, वर नव्या वाक्यांची पानं वेगळीच. मी बाजूला उभी. त्या बायांकडं, त्या पोरीकडं नुसती बघत होते. चौथीतल्या माझ्या मास्तरांनाही असा वर्ग कधी भरवता आला नव्हता. माझं काम एकच होतं: शेळी धरून ठेवणं.

रात्री अर्चना निवांत झोपली. मी जागी होते.

पेपर झाला. निकाल लागला. पोरगी पास! ज्या प्रश्नानं दोनदा पाडलं, त्यातच सगळ्यात जास्त मार्क! पेढे आले ते आधी प्लॉटात गेले. कौसाबाईनं एक आपण खाल्ला, एक शेळीला दिला. कंपनीच्या साहेबांनी प्लॉटही पास केला, पण ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

आता अर्चना रोज भोकरदनला जाते, आमची अर्चनामॅडम झालीय. यंदा क्रॉसिंग सुरू झालं आणि बायांनी कामच धरलं नाही. "काकू, आमचं इंग्रजी कोण घेणार?"

"मी हाय की!" मी म्हटलं. (बोलून गेले. आमच्या तोंडाला लगाम नाही.)

अर्चनाच्या गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या घरात जपून ठेवलेल्या होत्याच, त्या पुन्हा काड्यांना टांगल्या. मी प्रत्येक चिठ्ठीसमोर उभी राहायची, घसा साफ करायची, आणि आतून जे येईल ते ठणकावून म्हणायची. बाया माझ्यामागून म्हणायच्या. महिनाभर वर्ग झकास चालला.

परवा रविवारी अर्चना प्लॉटात आली. कौसाबाईनं हौसेनं तिला नवीन पाचसहा वाक्यं एका दमात म्हणून दाखवली. अर्चना ऐकत राहिली. फार वेळ ऐकत राहिली. मंग माझ्याकडं वळून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आत्याबाई, यातलं लाल कोणतं आन् पिवळं कोणतं?"

"अगं, ते तू सांगायचं," मी म्हटलं, "मला कुठं इंग्रजी येतं? मी फक्त शिकवते!"