छातीतला साक्षीदार

तुमचं काळीजच तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं, तर तुम्ही दाद कोणाकडे मागाल?

कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या शेजारचे तात्या बाकावर बसले होते. त्यांचं दुकान भरदुपारी जळालं. तेव्हा आपण घरी झोपलो होतो, असं ते सांगतात. पोलिसांनी मात्र त्यांच्या छातीतल्या पेसमेकरची नोंद काढली. त्या वेळी ठोके धावत होते, म्हणजे आग यांनीच लावली, असा आरोप आहे.

"आमचा मुलगा गेल्यापासून हे झोपेत असेच दचकतात," त्यांच्याजवळ बसलेल्या त्यांच्या पत्नी, काकू, मला म्हणाल्या. "ते यंत्राला कुठून कळायचं?"

पुकारा झाला. काकूंनी तात्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "झाका ते. अजून काही चुगली करायचं."

तात्या हसले, पण त्यांचा हात छातीवरच राहिला. जगवण्यासाठी बसवलेलं यंत्र आता त्यांना तुरुंगात पाठवायला निघालं होतं. दुःखाने वाढलेले ठोके आणि गुन्ह्याने वाढलेले ठोके त्याला सारखेच दिसतात.

तुमच्या घरात कोणाला असं यंत्र बसवणार असतील, तर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, या नोंदी कोणाच्या हाती जातील? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.